यंत्रापुढचा माणूस

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशा एखाद्या विषयावर मी बोलावे, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने केली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि माझे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले आहे. त्यामुळे मी व्यापारावर बोलेन, अशी अनेकांची अपेक्षा असेल. मात्र मी निवडलेला विषय आपल्या समाजात अद्याप फारसा परिचित नाही. त्याचे नाव आहे मानव-संगणक आंतरक्रिया. जाणकार मंडळी त्याला थोडक्यात एचसीआय म्हणतात. माणूस संगणक, मोबाइल किंवा तिकिटाच्या यंत्रासारखे उपकरण वापरतो तेव्हा त्याला काय दिसते, काय समजते, तो कोठे अडतो आणि का अडतो, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी ही ज्ञानशाखा आहे. या विषयात पदवी घेता येते, डॉक्टरेट करता येते, प्राध्यापक होता येते आणि सारे आयुष्य संशोधनाला वाहता येते. आपल्यापासून लोकलने दीड-दोन तासांच्या अंतरावर, पवईला, हे काम चालू आहे. त्याची ओळख करून देणे हा माझ्या भाषणाचा उद्देश आहे.

प्रथम आपल्याच पेढीवरून सुरुवात करतो. कापडाच्या धंद्यात एक पाठ पहिल्याच वर्षी मिळतो. गिऱ्हाइकाला हवे ते कापड सापडत नसेल, तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दोष देऊन चालत नाही, आपली मांडणी तपासावी लागते. ज्या मालाला रोज मागणी असते तो हाताच्या अंतरावर ठेवायचा आणि वर्षातून एकदा लग्नसराईत लागणारे शालू आणि फेटे वरच्या फळीवर ठेवायचे. कात्री आणि मीटरपट्टी डोळे मिटूनही हाती लागली पाहिजे. मापे मेट्रिक होऊन साठ वर्षे उलटली, वार गेला आणि मीटर आला. तरीही आमच्या गावाकडच्या आजी लुगडे मागतात ते नऊवारीच. त्यांना सव्वाआठ मीटर असे कोणी शिकवीत बसत नाही. नऊ वार ऐकायचे आणि सव्वाआठ मीटर फाडायचे, हे दुकानदाराचे काम. गिऱ्हाइकाच्या भाषेतून आपल्या मापात येण्याचे कष्ट दुकानदाराने घ्यायचे असतात. एचसीआय या विषयाचे मर्म याहून वेगळे नाही. येथे दुकानदाराच्या जागी यंत्र बनविणारा असतो, एवढाच फरक.

परंतु यंत्र बनविणारे हे कष्ट नेहमी घेत नाहीत, आणि त्याची किंमत कोण मोजतो ते मी दुकानात पाहतो. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि आता डोंगरातल्या वाडीवरचे मामासुद्धा मोबाइलने पैसे देऊ लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांच्यातील काही जण फोन माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "शेठ, तुम्हीच दाबा, माझं चुकतंय." एवढ्यावर थांबत नाहीत, तर पिनचे आकडेही चारचौघांत मोठ्याने सांगून टाकतात. हा माणूस पेरणीपासून मळणीपर्यंतचा खर्च तोंडी सांगतो. आभाळ पाहून पावसाचा अंदाज बांधतो. याला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तो स्वतःच "माझं चुकतंय" म्हणतो, ही मला सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते. यंत्र त्याला समजेल असे बनविलेले नाही, आणि दोष मात्र त्याने स्वतःच्या माथी घेतला आहे. त्याच्या विश्वासाचा गैरफायदा घेणारा माणूस त्याला भेटला, तर त्याची वर्षभराची कमाई एका क्षणात जाईल.

दोष माणसाचा की यंत्राचा, हा प्रश्न शास्त्राने प्रथम गांभीर्याने विचारला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत आणि मोडत. चौकशीत वैमानिकाची चूक अशी नोंद होई. अल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या आत बसून पाहिले. पंखांच्या झडपांचा खटका आणि चाके आत घेण्याचा खटका एकमेकांशेजारी होते आणि दोन्ही सारखेच दिसत. दमलेला वैमानिक झडपा मिटविण्याऐवजी चाके आत घेत असे. चापानिसने चाकांच्या खटक्यावर रबराचे लहानसे चाक बसविले आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा आकार दिला. आता हाताला न पाहताही फरक कळू लागला. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या चुका म्हणून नोंदले गेलेले ४६० प्रसंग तपासले आणि त्यांतील कितीतरी चुका उपकरणांच्या रचनेतूनच उद्भवतात, हे दाखवून दिले. याच फिट्स यांनी १९५४ मध्ये एक नियम मांडला. हात जेथे न्यायचा ती जागा जितकी दूर आणि जितकी लहान, तितका वेळ अधिक लागतो. हा नियम गणिताच्या सूत्रात बसविलेला आहे आणि आजही मोबाइलवरील बटण केवढे असावे व कोठे असावे हे ठरविताना उपयोगी पडतो. आपण मीटरपट्टी हाताशी का ठेवतो, याचे उत्तर त्या सूत्रात आहे.

पुढे संगणक आला. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. १९८३ मध्ये कार्ड, मोरान आणि न्यूवेल या तिघांचा मानव-संगणक आंतरक्रियेच्या मानसशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या विषयाला विद्यापीठांत स्वतंत्र स्थान मिळू लागले. परंतु हे सारे इंग्रजी भाषेला, सव्वीस अक्षरांना आणि शाळा शिकलेल्या माणसाला समोर ठेवून घडत होते. आपल्या बाराखडीचे काय, हा प्रश्न तेथे कोणी विचारणार नव्हते. तो आपल्यालाच विचारायचा होता.

आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींना टंकलेखनाचे वर्ग आठवत असतील. मराठी टंकलेखन यंत्रावर अक्षरांची जागा उच्चाराच्या क्रमाने नसे. पूर्ण अक्षर एकीकडे, अर्धे दुसरीकडे आणि मात्रा तिसरीकडे असत. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत इंग्रजीसाठी मिनिटाला ४० शब्दांची अट असते आणि मराठीसाठी ३० शब्दांची. मराठी लिहिणे यंत्रावर अधिक अवघड आहे, याची ती एक प्रकारे शासकीय कबुलीच म्हणावी लागेल. 'स्त्री' हा एकाक्षरी शब्द घ्या. तो संगणकात उमटविण्यासाठी स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, असे सहा घटक क्रमाने द्यावे लागतात. हाताने लिहिताना आपल्याला त्याचे काहीच वाटत नाही.

या अडचणीवर आपल्याकडील अभ्यासकांनी टप्प्याटप्प्याने काम केले. १९८६ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाणित केला. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला आली, आणि बहुतेक भारतीय लिपींसाठी एकच रचना तयार झाली. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीला जागा मिळाली. मग प्रश्न आला अक्षर पडद्यावर सुरेख दिसण्याचा. विंडोज २००० सोबत आलेला मंगल हा देवनागरी टंक सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडविला. पवईच्या आयआयटीमधील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये, म्हणजे आयडीसीमध्ये, त्यांनी अध्यापन केले होते. २००८ मध्ये ते निवर्तले. मराठी संगणकावर काम करणाऱ्या लाखो लोकांनी त्यांची अक्षरे रोज पाहिली आहेत, परंतु त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

आयआयटी मुंबईची स्थापना १९५८ ची आणि तेथील आयडीसीची १९६९ ची. याच आयडीसीमध्ये आज मी ज्यांच्या कार्याचा विशेष परिचय करून देणार आहे ते प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांनी मानव-संगणक आंतरक्रियेचे अध्यापन आणि संशोधन केले आहे. माझा त्यांच्याशी व्यक्तिगत परिचय नाही. त्यांचे प्रकाशित कार्य हेच माझ्या बोलण्याचे साधन आहे. एका संशोधकाचे आयुष्य कसे घडत जाते, हे विद्यार्थ्यांना कळावे म्हणून मी ते क्रमाने सांगतो.

२००४ मध्ये व्हिएन्ना येथील सीएचआय या जागतिक परिषदेत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कीलेख' हा कळफलक मांडला. त्यामागील विचार साधा होता. ज्याने कधी टंकलेखन शिकलेले नाही, पण शाळेत वर्णमाला म्हटली आहे, त्याला अक्षर शोधावे लागू नये. क-ख-ग-घ जसे तोंडात बसले आहे, तसेच ते बोटाखाली असावे.

पुढचा प्रश्न याहून कठीण होता. ज्याला अक्षरओळखच नाही, त्याने फोनमधील नावे कशी शोधावीत? २००८ मध्ये त्यांच्या गटाने 'रांगोळी' या नावाची एक चित्रमय फोनवही सादर केली. तीत नावांच्या यादीऐवजी रंग आणि चिन्हे यांच्या आधाराने माणूस शोधायचा होता. आपल्या व्यापाऱ्यांना ही कल्पना नवखी वाटू नये. जुन्या पेढ्यांवर मालाच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची रीत होती. खूण ज्याची त्याला कळली की तिचे काम झाले. लिहिता-वाचता न येणारा माणूसही खुणा लक्षात ठेवण्यात कमी नसतो. त्याच्या या सामर्थ्यावर यंत्र उभे करायचे, त्याच्या उणिवेवर बोट ठेवायचे नाही, ही त्या कामातील दृष्टी मला मोलाची वाटते.

सॉफ्टवेअर कंपन्यांत यंत्र वापरणाऱ्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी केला जातो. घर बांधून झाल्यावर दार कोठे ठेवायचे हे विचारावे, तसाच हा प्रकार. हा विचार आरंभापासून कामाच्या प्रक्रियेत कसा गुंफावा आणि त्याचा परिणाम कसा मोजावा, याविषयी जोशी यांनी प्रा. सारडा आणि संजय त्रिपाठी यांच्यासह केलेले संशोधन २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मोजता न येणाऱ्या गोष्टीला व्यापारात कोणी पैसे देत नाही, हे आपण जाणतो. त्यामुळे या मोजमापाचे महत्त्व आपल्याला अधिक पटावे.

२०१३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे, तंत्रज्ञानाच्या उंबरठ्यावर नव्याने पाऊल ठेवणाऱ्या माणसांसाठी त्यांनी आपल्या सहलेखकासह 'उदयोन्मुख वापरकर्ते' या अर्थाच्या संज्ञेची मांडणी केली. निरक्षर, मागासलेला, गरीब अशी विशेषणे माणसाला एका जागी खिळवून ठेवतात. उदयोन्मुख या शब्दात तो पुढे येतो आहे, हे गृहीत आहे. शब्द बदलला की काम करणाऱ्याची नजरही बदलते.

दुसरी गोष्ट म्हणजे 'स्वरचक्र'. अँड्रॉइड फोनसाठी त्यांच्या गटाने हा कळफलक विनामूल्य उपलब्ध करून दिला. त्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. पडद्यावर व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. 'क' वर बोट टेकविले की त्याच्याभोवती एक चक्र उमलते आणि त्यात का, कि, की, कु, कू, के, को अशी बाराखडी दिसते. बोट हव्या त्या दिशेला किंचित सरकवून उचलले की अक्षर उमटते. जोडाक्षरासाठीही चक्रातच सोय केलेली होती. मघाशी सांगितलेला फिट्स यांचा नियम येथे आठवा. चक्रातील प्रत्येक पर्याय बोटापासून सारख्याच आणि अगदी थोड्या अंतरावर असतो. चौथीच्या मुलाला येणारी बाराखडी आणि १९५४ चे गणिती सूत्र, या दोहोंचा मिलाफ त्या लहानशा चक्रात झाला आहे. मराठीप्रमाणेच इतर अनेक भारतीय भाषांसाठीही स्वरचक्र तयार करण्यात आले.

युक्ती सुचली म्हणजे संशोधन संपले असे नाही. किंबहुना तेथून ते सुरू होते. कळफलक खरोखर उपयोगी आहे का, हे ठरविण्यासाठी नवख्या माणसांना एकत्र बसवायचे, वेगवेगळ्या कळफलकांवर त्यांच्याकडून मराठी मजकूर लिहून घ्यायचा, मिनिटाला किती शब्द झाले आणि किती चुका झाल्या ते नोंदवायचे, आणि हे एक दिवस नव्हे तर अनेक बैठकांत चालू ठेवायचे. पुढचा शब्द यंत्राने आधीच सुचवावा, ही सोय इंग्रजीत उपयोगी वाटते म्हणून मराठीतही उपयोगी पडेलच, असे त्यांनी गृहीत धरले नाही. त्यावर दीर्घकाळ चाचण्या घेऊन २०१६ मध्ये लेख प्रसिद्ध केला. आपला माल चांगला आहे असे आपण म्हणणे वेगळे आणि काटेकोर मापाने सिद्ध करणे वेगळे.

आणखी एका कामाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. एचआयव्हीबाधित रुग्णांना औषध रोज, ठरलेल्या वेळी आणि न चुकता घ्यावे लागते. त्यांना साध्या फोनवरून, आवाजाच्या माध्यमातून, आठवण आणि सल्ला देणारी 'तमा' नावाची यंत्रणा या गटाने उभारली. पाच दवाखान्यांतील ५४ रुग्णांनी ती १२ आठवडे वापरून पाहिली आणि तिचा अभ्यास २०१४ मध्ये सीएचआय परिषदेत मांडला गेला. येथे प्रश्न केवळ बटणांचा नाही. आपल्या घरांत फोन एकाचा नसतो, तो कोणीही उचलतो. रुग्णाची प्रतिष्ठा जपून त्याच्यापर्यंत कसे पोहोचायचे, याचा विचार यंत्र बनविणाऱ्याला करावा लागतो. तंत्रज्ञान आणि दयाभाव यांची गाठ पडते ती अशा जागी.

सप्टेंबर २०१७ मध्ये इंटरॅक्ट ही या विषयातील आंतरराष्ट्रीय परिषद प्रथमच भारतात, मुंबईत, आयआयटीच्या परिसरात भरली. तिच्या संयोजनात आणि निबंधसंग्रहाच्या संपादनात प्रा. जोशी यांचा वाटा होता. व्हिएन्नाला जाऊन आपल्या लिपीची अडचण सांगणे इथपासून जगाला आपल्या दारी बोलावून ती दाखविणे इथपर्यंतचा हा तेरा वर्षांचा प्रवास आहे. विद्यार्थी मित्रांनो, संशोधकाचे आयुष्य असे तेरा-तेरा वर्षांनी मोजायचे असते. वर्षाअखेरीच्या ताळेबंदात ते दिसत नाही.

आता पालकांच्या मनातील प्रश्नांकडे वळतो. पहिला प्रश्न असा, की यासाठी मुलगा गणितात पहिला आणि विज्ञान शाखेचाच हवा का? आयआयटी मुंबईकडून २०१५ पासून यूसीड ही प्रवेशपरीक्षा घेतली जाते. ती डिझाइनच्या पदवी अभ्यासक्रमासाठी आहे. बारावी कोणत्याही शाखेतून केलेले विद्यार्थी ती देऊ शकतात, म्हणजे वाणिज्य शाखेचेही. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी सीड ही परीक्षा आहे. तेथे शाखेनुसार अटी निरनिराळ्या आहेत, त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचावी. आयडीसीमध्ये इंटरॅक्शन डिझाइन हा पदव्युत्तर विषय आहे आणि डॉक्टरेटचीही सोय आहे. मानसशास्त्र, संगणकशास्त्र, भाषाशास्त्र, चित्रकला अशा अनेक वाटा या विषयाला येऊन मिळतात. घरात एखादी मुलगी उत्तम रेखाटन करते आणि माणसांचे बारकाईने निरीक्षण करते, पण आपण तिला केवळ सीएच्या क्लासला घालतो. हा मार्गही तिच्यापुढे ठेवावा.

दुसरा प्रश्न अर्थार्जनाचा. तो विचारण्यात गैर काहीच नाही, आपण व्यापारी आहोत. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला पाठ्यवृत्ती मिळते. केंद्र शासनाच्या कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीचा दर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये करण्यात आला. डॉक्टरेटला पाच-सहा वर्षे सहज लागतात. या काळात त्याच्या बरोबरीचे मित्र दुकान वाढवितात, घर घेतात. परिषदांना पाठविलेल्या लेखांपैकी बहुसंख्य नाकारले जातात आणि ते पुन्हा लिहावे लागतात. हे सारे पालकांनी आधीच समजून घ्यावे. नंतर दर दिवाळीला "अजून किती वर्षे?" असे विचारून मुलाचा उत्साह मोडू नये. अध्यापनाकडे न वळता उद्योगक्षेत्रात जायचे ठरविले, तर तेथेही या विषयातील माणसांना काम आहे. प्रत्येक बँकेला, प्रत्येक मोबाइल कंपनीला आणि शासनाच्या प्रत्येक खात्याला त्यांची गरज आहे.

तिसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलांनी या विषयात का जावे? कारण संशोधनाचा कच्चा माल आपल्या अंगणात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाची नोंद करायची आणि छायाचित्र घ्यायचे, ते सातबाऱ्यावर चढते. योजना उपयुक्त आहे. पण भर पावसात, चिखलात, भिजल्या बोटांनी, डोंगराच्या कुशीत नेटवर्क येते-जाते अशा ठिकाणी ती वापरणाऱ्याचे हाल कोणी जवळ बसून पाहिले आहेत का? आयुष्यभर भातलावणी केलेल्या आजींच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. अंगठ्याच्या यंत्रावर ठसा जुळत नाही आणि त्या पुन्हा पुन्हा अंगठा पुसून लावीत राहतात. आता बोलून काम करून घेणारी यंत्रे आली आहेत. लिहिता न येणाऱ्याला हे वरदान ठरू शकते. मात्र त्या यंत्राला कोणाची मराठी शिकवली आहे? आमच्याकडील ठाकर, कातकरी आणि आगरी बांधवांची बोली त्याला उमगेल का? हा प्रश्न पुण्या-मुंबईतील प्रयोगशाळेत बसून सुचणे कठीण आहे. ज्याने लहानपणी आपल्या आजोबांच्या दुकानात बसून ही बोली ऐकली आहे, त्याला तो सहज सुचेल.

चांगल्या रचनेचे एक उदाहरण आपल्या गल्ल्यावरच आहे. पैसे जमा झाले की रक्कम मराठीत मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स. पूर्वी गर्दीच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोन डोळ्यांपुढे धरून खात्री करावी लागे. आता हात कापड मोजत असतात आणि कान हिशेब ठेवतात. दुकानदाराचे हात आणि डोळे मोकळे नसतात, कान मात्र मोकळे असतात, हे कोणीतरी दुकानात उभे राहून पाहिले असले पाहिजे. असे पाहणारी माणसे आपल्या समाजातून निघावीत, एवढीच माझी इच्छा आहे. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचण्याची कला पिढ्यान्पिढ्या आपल्या घरांत आहे. तिला मोजमापाची आणि प्रयोगाची शिस्त मिळाली, तर तिचे शास्त्र होईल.

विश्वस्त मंडळाला माझी नम्र सूचना आहे. उच्च शिक्षणासाठी साहाय्य देताना वैद्यक, अभियांत्रिकी आणि सीए यांच्या जोडीने डिझाइन व संशोधन या वाटांचाही विचार व्हावा. डॉक्टरेटला जाणारा विद्यार्थी दरवर्षी निकालपत्र आणून दाखवू शकणार नाही, त्याच्यासाठी नियमही थोडे निराळे ठेवावे लागतील. पालकांनी सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन पवईला जावे. कर्जतहून लोकल धरावी, ठाण्याला धिम्या गाडीत बसून कांजूरमार्गला उतरावे, तेथून आयआयटी जवळ आहे. आयडीसीमध्ये विद्यार्थ्यांच्या कामाची प्रदर्शने भरतात. आधी चौकशी करून ती अवश्य पाहावीत.

आणि ज्यांना यातील काहीच करायचे नाही, त्यांच्याकडे एकच मागणे आहे. दुकानात, बँकेत किंवा तिकिटाच्या खिडकीपाशी एखादे आजोबा फोन हातात धरून घुटमळताना दिसले, तर "तुम्हाला जमत नाही" असे म्हणू नका. त्यांना पिन मोठ्याने सांगू देऊ नका, तो त्यांच्याच बोटाने दाबू द्या, आणि लागेल तेवढा वेळ थांबा. रांगेतील बाकीची मंडळी थोडी खोळंबतील, पण कोणाचे काही बिघडणार नाही.